शेवटच्या फेरीतला नकार जास्त का झोंबतो?

पवईच्या नाहीतर ऐरोलीच्या कंपनीत मुलाखतीची पाचवी फेरी देऊन शेवटी नकाराचा मेल आलेल्या डोंबिवलीच्या मुलाला घरचे हमखास सांगतात, "अरे, एवढा पुढे गेलास, हेही काही कमी नाही!" हेतू चांगला, पण मेंदूचा हिशेब उलटा चालतो. पुढे गेल्यामुळेच तर जास्त लागतं.

डोपामिन हे 'आनंदाचं रसायन' असल्याचं रील्सनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलं आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग वेगळं सांगतात. दिवा लागला की थोड्या वेळाने फळाच्या रसाचा घोट मिळायचा. सुरुवातीला रस मिळताच मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी उसळत. माकड सरावल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. मग दिवा लावून रस दिलाच नाही. रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचा एरवीचा संथ ठोकाही थांबला! काहीच घडलं नव्हतं, तरी 'घडलं नाही' याची वेळेबरहुकूम नोंद झाली.

शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 साली 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ लावला. या पेशी सुख मोजत नाहीत, तफावत मोजतात: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. समजा, अर्ज करताना आशा दहा टक्के होती. तेव्हाच नकार आला तर तफावत उणे दहा. कोडिंग झालं, सिस्टिम डिझाइन झालं, एचआरने नोटीस पिरियड विचारला, आशा ऐंशीवर गेली. आता तोच नकार उणे ऐंशीचा. पुढे 2014 मध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी मोबाइलवरच्या जुगारासारख्या खेळात 18,420 जणांना 'आत्ता किती बरं वाटतंय?' असं विचारलं. उत्तर एकूण कमाईपेक्षा अपेक्षा आणि तफावतीवर ठरत होतं.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या पायरीची. नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज, अधिक तफावत गुणिले 'शिकण्याचा दर', म्हणजे एका अनुभवाने अंदाज किती हलवायचा ते, शून्य ते एकच्या मापात. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्या टेम्पोरल डिफरन्स लर्निंगचा, म्हणजे संगणकाला अनुभवातून अंदाज सुधारायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, हा गाभा. दोघांना 2024 चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं. मशीन लर्निंगच्या मुलाखतीत हे समीकरण फळ्यावर मांडणाऱ्याच्या डोक्यातही ते नकार वाचताना चालू असतं. तफावत उणे आली की लॅटरल हॅबेन्यूला नावाच्या चिमुकल्या भागातल्या पेशी चेततात आणि, मधल्या पेशींमार्फत, डोपामिन पेशींना दाबतात. मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी 2007 मध्ये माकडांत हे दाखवलं.

तफावत आपल्या हातात नाही, दर थोडाफार आहे. नोंदी गोंगाटाच्या, म्हणजे योगायोगाने भरलेल्या, असतील तर दर लहान ठेवावा, हे अल्गोरिदम लिहिणारा प्रत्येक जण जाणतो. मुलाखत ही तर भलतीच गोंगाटाची नोंद: समोरचा कंटाळलेला असतो, जागा अचानक गोठवली जाते, आतल्याच कुणाला ती मिळते. अशा एका नोंदीवरून 'मला कोडिंग येतच नाही' म्हणणं म्हणजे दर थेट एकवर नेणं. तोच प्रश्न तीन ठिकाणी अडला, तर मात्र ती माहिती आहे, अभ्यासाला लागावं.

गुरू बळकट करायला पुष्कराज घ्यायचा तर घ्या, त्याने फक्त अपेक्षा वाढते आणि पुढची तफावत मोठी होते. मोबाइल, करमणूक बंद ठेवून मेंदू 'साफ' करायला सांगणाऱ्या 'डोपामिन डिटॉक्स'वाल्यांचाही उपयोग नाही. डोपामिन शरीराबाहेर काढून टाकायचं विष नव्हे.

उपायांपैकी एक मला आवडतो, कारण तो संगणक क्षेत्रातल्याच माणसांवर तपासला गेला. 1994 मध्ये स्पेरा, ब्युरफाइंड आणि पेनबेकर यांनी नोकरी गेलेल्या 63 व्यावसायिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं होतं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. ते जास्त खटपट करत होते म्हणून नव्हे. फरक जुन्या नोकरीकडे आणि नव्या शोधाकडे पाहण्याच्या दृष्टीत पडला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. 63 हा आकडा लहान आहे, तेव्हा याला रामबाण म्हणता येणार नाही. पण वही पुष्कराजापेक्षा बरीच स्वस्त पडते.