सुरक्षा टॅग (दुकानातल्या उचलेगिरीवरचा उपाय)

सुरक्षा टॅग म्हणजे दुकानातल्या मालाला लावलेली प्लॅस्टिकची चकती, डबी किंवा स्टिकर. माल बिल न करता बाहेर न्यायला गेलं की दाराशी उभे असलेले खांब बोंबलायला लागतात. धंद्यातले लोक त्या खांबांना गेट म्हणतात, सगळ्या यंत्रणेला ईएएस (इलेक्ट्रॉनिक आर्टिकल सर्व्हेलन्स) म्हणतात आणि टॅगला टॅगच. मॉलमध्ये गेलेल्या प्रत्येकाने तो आवाज कधीतरी ऐकलाय, आणि पिशवीत काही नसतानाही आपल्यावरच वाजला म्हणून ओशाळलाही आहे, त्यामुळे वर्णन एवढं पुरे.

शब्दाबद्दल थोडं. शॉपलिफ्टिंगला मराठीत 'उचलेगिरी' हा तयार शब्द आहे आणि तो चपखलही बसतो, कारण इंग्रजीतही दुकानातून माल लांबवणाऱ्याला 16व्या शतकाच्या अखेरीपासून 'लिफ्ट' म्हणायचे, म्हणजे उचलणाराच. पण आपल्याकडे 'उचल्या' आणि 'भामटा' ही इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचीही नावं आहेत. तो कायदा 1952 साली रद्द झाला, शब्द मात्र शिवीसारखे वापरात राहिले. म्हणून या नोंदीत कृतीला उचलेगिरी म्हटलंय, माणसाला उचल्या म्हटलेलं नाही.

उगम. टॅगचा शोध कोणी लावला यावर एकमत नाही आणि भांडण बरंचसं 'टॅग' कशाला म्हणायचं यावर आहे. सगळ्यात जुना दावा फ्रान्समधल्या पिकारचा. त्याचं 1934 सालचं पेटंट असं सांगतं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात विशिष्ट धातूची पट्टी आली की ती मूळ कंपनाच्या पटीतले संकेत परत देते, आणि ते संकेत ओळखता येतात. पुढच्या कितीतरी पेटंटांमध्ये त्याचा हवाला सापडतो, पण त्यावरून त्या काळी दुकानदारांच्या हातात काही पडलं असं दिसत नाही. दुसरा दावा आर्थर मिनासीचा. न्यूयॉर्क पोलिसांना सल्ला देणारा हा इंजिनिअर, त्याने 1960च्या दशकाच्या मध्याला टॅग बनवला आणि 1966च्या सुमाराला 'नोगो' नावाची कंपनी काढली (नावातच 'जाऊ नको' आहे, स्पेलिंगच्या सुरुवातीला एक न उच्चारायचं अक्षर जोडलंय इतकंच). तिसरा दावा रॉन असाफचा, आणि गोष्ट म्हणून हाच लोकप्रिय. ओहायोतल्या ॲक्रन गावात तो एका सुपरमार्केटचा मॅनेजर होता, एक जण वाइनच्या दोन बाटल्या घेऊन पळाला, असाफ मागे धावला, दमला, हात हलवत परत आला आणि म्हणाला की यावर उपाय काढणारा पैसेवाला होईल. तिथे असलेल्या त्याच्या चुलतभावाने, जॅक वेल्शने, ते मनावर घेतलं आणि त्यातून 'सेन्सॉरमॅटिक' ही कंपनी उभी राहिली, असं सांगतात. कंपन्यांच्या जन्मकथा जरा गोडच असतात तेव्हा बाटल्यांचा हिशोब फार ताणू नये. कल्पना पिकारची, पण दुकानात चालणारी वस्तू मिनासी आणि असाफ यांनी साधारण एकाच वेळी वेगवेगळी आणली, असं धरणं जास्त सयुक्तिक वाटतं. ग्रंथालयांकडे बघितलं तर चित्र अजून थोडं बदलतं, कारण पुस्तकांच्या बांधणीत लपवायची चुंबकीय पट्टी 1970च्या आसपास आली आणि ती पिकारच्या तत्त्वाला सगळ्यात जवळची आहे.

त्याच्याही आधी हवा होता तो चोरीला मोकळा असलेला माल. 1916 साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचं दुकान काढलं, तोवर बहुतेक वाण्यांकडे काउंटरपलीकडे हात घालायची सोय नव्हती. त्याआधी उचलेगिरी नव्हती असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये 1699च्या कायद्याने दुकानातून 5 शिलिंग किंवा जास्तीचा माल चोरला तर फाशी होती.

प्रकार आणि आतली रचना. आज मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक रेडिओ लहरींचा. चौकोनी स्टिकरमध्ये गोलगोल वळणाची पातळ ॲल्युमिनियमची तार आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), दोन्ही मिळून साधारण 8.2 मेगाहर्ट्झला सूर लावतात, गेट त्या आसपासच्या लहरी वरखाली फिरवत राहतं आणि टॅगने ऊर्जा खाल्ली की ओळखतं. बिल करताना काउंटरवरच्या पॅडचं जोरदार क्षेत्र त्या कपॅसिटरमधला मुद्दाम पातळ ठेवलेला ठिपका जाळून टाकतं आणि टॅग मुका होतो.

दुसरा अकूस्टो-मॅग्नेटिक, 58 किलोहर्ट्झचा, 1980च्या दशकातला. हा खरंच बघण्यासारखा आहे. मेडिकलमध्ये किंवा कॉस्मेटिकच्या डब्यावर ती पांढरी, जराशी फुगीर, बोटाच्या पेराहून थोडी लांब डबी असते ती हळूच फाडून बघा. आत चकाकणारी, केसासारखी पातळ धातूची पट्टी सुटी पडलेली असते आणि खाली दुसरी पट्टी चिकटलेली. सुटी पट्टी काचेसारख्या रचनेच्या लोखंडी मिश्रधातूची, ती चुंबकीय क्षेत्रात किंचित लांब-आखूड होते म्हणजे थरथरते, आणि खालची पट्टी चुंबक, ती तिला योग्य सुरात ठेवते. गेट एक छोटा ठोका देतं आणि गप्प बसून ऐकतं. देवळातल्या घंटेवर टोला मारून हात काढला तरी ती घुमत राहते ना, तशी ही पट्टी ठोका थांबल्यावरही क्षणभर घुमते, आणि तेवढ्या शांततेत तिचा आवाज गेटला ऐकू येतो. म्हणूनच आतली पट्टी सुटी हवी, कोणी डबी दाबून चेपली तर घुमणं बंद. इथे एक गैरसमज फार आहे की काउंटरवर टॅग 'मॅग्नेटाइज' करतात. 58 किलोहर्ट्झच्या टॅगमध्ये उलट आहे, खालच्या पट्टीचं चुंबकत्व काढतात म्हणजे सूर बिघडतो. पुस्तकांतल्या चुंबकीय पट्टीत मात्र चुंबकत्व भरूनच ती गप्प करतात. दोन्ही पद्धती एकाच वाक्यात उरकल्या की हा घोळ होतो.

कपड्यांवरचा हार्ड टॅग मुळात कुलूप आहे. पिन कापडातून आत जाते, आत स्प्रिंगच्या दाबाने तीन बारक्या स्टीलच्या गोळ्या तिला धरून बसतात, आणि काउंटरवरच्या चुंबकाने (डिटॅचर) गोळ्या खाली ओढल्या की पिन सुटते. शाईचा टॅग वेगळ्या विचाराचा, तो वाजत नाही, जबरदस्ती केली की आतली कुपी फुटून कपडा नासतो, म्हणजे माल हाती लागूनही उपयोग शून्य.

मर्यादा. ॲल्युमिनियम फॉइलचं अस्तर लावलेल्या पिशवीतून टॅगचा संकेत नीट बाहेर येत नाही, ही युक्ती टॅगइतकीच जुनी असावी. छोट्या दुकानात जास्त त्रास दुसराच, दार अरुंद, गेटला लागून लोखंडी शटर आणि रॅक, डोक्यावर स्वस्तातले एलईडी, या सगळ्याने गेट एकतर उगाच वाजतं नाहीतर वाजायचं तेव्हा वाजत नाही. दुसऱ्या दुकानात मुका न केलेला टॅग अंगावरच्या शर्टात राहिला तरी वाजतं. आणि उगाच वाजणाऱ्या गेटकडे आठवड्याभरात कोणी मान वर करून बघत नाही. पेसमेकर असलेल्यांनी दोन खांबांमधून सरळ चालत जावं, तिथे रेंगाळू नये आणि खांबाला टेकू नये, हा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 साली दिला तो अजून लागू आहे.

उपयोग होतो का? यावर सगळ्यात नेटकं काम ब्रिटनमधलं, 1993 साली डेव्हिड फॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी छापलेलं. दुकानांमध्ये ठरावीक वस्तू रोज मोजून टॅग, मांडणीत बदल आणि गणवेशातला गार्ड हे तीन उपाय तपासले. टॅगने चोरी घटली आणि घटलेलीच राहिली, मांडणी बदलल्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरला, गार्डचा काही परिणाम दिसला नाही. दुकानांची संख्या थोडी होती हे खरं, पण रोज माल मोजून काढलेला निष्कर्ष विक्रेत्यांच्या पत्रकांपेक्षा विश्वासाचा.

भारत. 2011च्या एका जागतिक पाहणीत भारतातल्या दुकानांची तूट (हिशोबात न सापडलेला माल) विक्रीच्या 2.38 टक्के म्हणजे सर्वात जास्त दाखवली होती, जगाची सरासरी 1.45. हा आकडा वर्तमानपत्रांनी 'भारतीय सगळ्यात चोर' अशा थाटात वापरला. पण पाहणीचा खर्च टॅग विकणाऱ्या कंपनीने उचलला होता, ती साखळी दुकानांपुरती होती, आणि तूट म्हणजे फक्त गिऱ्हाइकाची चोरी नाही, नोकराने बाजूला केलेलं, पुरवठादाराने कमी भरलेलं आणि बिलिंगला चुकलेलंही त्यातच येतं. टॅग यातल्या पहिल्या प्रकाराशीच लढतो. डिटॅचर ज्याच्या हातात आहे तोच माल काढत असेल तर गेट काय करणार.

महाराष्ट्रात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला टॅगची गरज फारशी नाही, तिथे माल मागून मिळतो आणि शेटचं लक्ष असतं. रेडिमेड कपडे, कॉस्मेटिक, पुस्तकं, महागडं बेबी फूड इथे टॅग परवडतो, कारण वस्तू लहान, महाग आणि बाहेर लगेच विकता येण्यासारखी. पाच रुपयांच्या बिस्किटाला कोणी टॅग लावत नाही.

कायदा. 1 जुलै 2024 पासून साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. माल 5,000 रुपयांच्या आतला, आरोपीला आधी कधी शिक्षा झालेली नाही आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. 5,000 च्या आतली अशी चोरी अदखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही अशी) धरलीय, आणि खाजगी माणसाला कोणाला धरून ठेवता येतं ते त्याच्यासमोर घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यातच, तेही उशीर न लावता आणि जास्तीत जास्त 6 तासांत पोलिसांकडे द्यायचं. म्हणजे गेट वाजलं म्हणून 800 रुपयांच्या टॉपसाठी पोरीला मागच्या खोलीत बसवून ठेवणं हे दुकानदारालाच महागात पडू शकतं. वाजलं तर 'टॅग काढायचा राहिला वाटतं, बघू का ताई' एवढंच म्हणायचं, हे जुने सेल्समन नव्यांना पहिल्या दिवशी शिकवतात.

रोजचं काम मात्र गेटपाशी नसून ट्रायल रूममध्ये असतं. आत जाताना किती कपडे, बाहेर येताना किती, आणि रात्री शटर ओढायच्या आधी आरशामागे, स्टुलाखाली, टांगलेल्या जीन्सच्या खिशात हात घालून बघायचं. तिथे पिनेसकट उपटलेला, कापडाचा तुकडा अडकलेला टॅग सापडला की तो नग स्टॉकमधून कमी करायचा.