चुन्याचा हिशेब : वाळवंटातली कोंबडी आणि परसबाग

जूनमधली सकाळ होती. खुराड्यातलं अंडं उचललं आणि ते बोटांच्या चिमटीतच दबलं. कवच कागदासारखं पातळ. मार्चमध्ये याच कोंबडीची अंडी फोडायला भांड्याच्या कडेवर दोनदा आपटावी लागत होती. खाद्य तेच होतं, शिंपल्यांचा चुराही तोच. बदललं होतं ते ऊन. दुपारचा पारा ४३ अंशांच्या वर जाऊ लागला होता.

त्याच मार्चमध्ये लिंबाचं रोप लावायला मी खड्डा घेतला होता. हातभर खाली गेल्यावर पहार खणकन वाजली. खाली पांढराफटक थर होता, जुन्या सिमेंटच्या कोब्यासारखा. दिवसभर घाव घालून जेमतेम वीतभर खोली मिळाली.

अंड्याचं कवच आणि तो पांढरा थर, रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच पदार्थ आहेत: कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी. एकाच परसात कोंबडीला चुना पुरत नव्हता आणि झाडांना तो नकोसा झाला होता. वाळवंटात कोंबड्या आणि बाग एकत्र कशी सांभाळायची, हे मला या एका पदार्थाचा माग काढतानाच उमगत गेलं.

हे परस आहे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये. हा सोनोरन वाळवंटाचा मुलूख. फिनिक्सला वर्षाकाठी १८० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्यांना कायमचे दुष्काळी म्हणतो त्या माण-आटपाडीतही याच्या साधारण दुप्पट पडतो. उलट इथली हवा हिरवळीच्या जमिनीतून वर्षभरात सुमारे १८०० मिलिमीटर पाणी शोषून घेऊ शकते. २६ जून १९९० रोजी फिनिक्समध्ये ५० अंश तापमान नोंदलं गेलं. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ अंशांच्या वर गेला. तरीही परसात कोंबड्या पाळणारी घरं इथे भरपूर आहेत. २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला, की अर्ध्या एकरापर्यंतच्या जागेतल्या स्वतंत्र घराला सहापर्यंत कोंबड्या पाळू द्याव्यात. पुढच्या मार्चमध्ये बर्ड फ्लूमुळे अंड्यांचा देशभरातला सरासरी भाव डझनाला ६ डॉलरच्या वर गेला, तेव्हा शेजारपाजारची बरीच मंडळी खुराड्याची मापं विचारायला आली. मी त्यांना आधी सावलीची जागा दाखवायला सांगायचो.

कारण कोंबडी मूळची वाळवंटातली नाही. तिचा पूर्वज दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत, बांबूच्या बेटांत राहणारा रानकोंबडा. तिच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं आणि तिला घर्मग्रंथी नसतात. थंडीसाठी उत्तम असलेली पिसं उन्हाळ्यात घोंगडीसारखी अंगावर राहतात. बरी हवा असताना ती लाल तुरा, गळ्याखालच्या पाळ्या आणि उघडे पाय यांतून जास्त रक्त खेळवून उष्णता बाहेर टाकते. पंख अंगापासून दूर धरून उभी राहते. पण बाहेरची हवाच ४३ अंशांची झाली की हा मार्ग उलटतो, कारण उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. मग तुऱ्यातून उष्णता आत येऊ लागते आणि हातात एकच उपाय उरतो: पाण्याचं बाष्पीभवन. चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत ती धापा टाकते. श्वासनलिकेतून आणि घशातून उडून जाणारं प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता सोबत नेतं.

हे नेमकं कूलरचं तत्त्व आहे. नागपूर-अकोल्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर निव्वळ दमट वारा फेकतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं. ४२ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान वाऱ्यावर साधारण २० अंशांपर्यंत उतरू शकतं. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत ते २९ च्या खाली जात नाही. म्हणून जूनमधल्या कोरड्या ४३ अंशांत सावली, पाणी आणि वारा मिळाला तर कोंबडी तग धरते. जुलैच्या मध्यावर इथला पावसाळी वारा दमटपणा घेऊन आला की ४१ अंशांतही ती ढेपाळते. नवखी माणसं आकडा कमी झालेला पाहून निर्धास्त होतात, तेच दिवस धोक्याचे. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४६-४७ अंशांवर गेलं की ती वाचत नाही.

आता त्या पातळ कवचाकडे. कोंबडीच्या गर्भाशयात कवच चढायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. साठ ग्रॅमच्या अंड्याला साधारण ६ ग्रॅम कवच, त्यात दोन ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम. ते खाद्यातून येतं, आणि रात्री आतड्यातला साठा संपत आला की हाडांच्या पोकळीत खास याच कामासाठी साठवलेल्या चुन्यातून. पण कॅल्शियम हा कवचाचा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा कार्बोनेट, आणि तो तयार होतो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून. धापा टाकताना वाफेबरोबर हा वायूही बेसुमार बाहेर जातो. रक्तातला बायकार्बोनेट घटतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि त्यामुळे मोकळ्या स्वरूपातलं कॅल्शियमही कमी होतं. त्यात उन्हाने भूक मंदावलेली असते, म्हणजे पोटात जाणारा चुनाही कमीच. शरीर थंड ठेवण्यासाठी जे करावं लागतं, तेच कवचाच्या मुळावर येतं.

१९८० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी उष्ण खोलीतल्या लेगहॉर्न कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं, म्हणजे सोड्याचं पाणी प्यायला दिलं. कवचाचा दर्जा सुधारला. उपाय म्हणून तो घरगुती नाही, पण दुखणं नेमकं कुठे आहे ते या प्रयोगाने फार सुंदर दाखवलं. मला तो कळल्यावर शिंपल्याचा चुरा दुप्पट करण्याचा नाद मी सोडला. त्याऐवजी धापा कमी कशा होतील ते पाहिलं.

खुराडं आता मेस्कीटच्या झाडाखाली आहे. हे शेंगवर्गातलं काटेरी झाड म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं नातेवाईक. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच. मेस्कीटची बारीक पानं कडक ऊन चाळून देतात, हिवाळ्यात गळून ऊब आत येऊ देतात, आणि मुळं हवेतला नत्र जमिनीत आणतात. पत्र्याच्या छपराची सावली मला पटत नाही, कारण तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकतो. दुपारी झाडाखालची जमीन भिजवायची, पंखा लावायचा. प्यायच्या पाण्यात गोठवलेली बाटली टाकायची, कारण पाणी कोमट झालं की कोंबड्या ते टाळतात. उथळ परातीत पाणी ठेवलं तर त्या त्यात पाय बुडवून उभ्या राहतात. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर. पचनातूनही उष्णता निर्माण होते, भर दुपारी पोट भरलेलं असणं ही नसती भर. शिंपल्याचा जाडसर चुरा मात्र संध्याकाळी द्यायचा, म्हणजे तो रात्रभर पोटात हळूहळू विरघळतो, बरोबर कवच चढायच्या वेळी.

जातीने फरक पडतो. पांढरी, सडपातळ, मोठ्या तुऱ्याची लेगहॉर्न इथे टिकते. इजिप्तची फायूमी त्याहून चिवट. उघड्या मानेच्या कोंबडीत एका जनुकीय बदलामुळे पिसं २० ते ४० टक्के कमी असतात, आणि दिसायला कशीही असो, उन्हाळ्यात ती सगळ्यांत निवांत असते. कोंबड्या विंचू खातात म्हणून पाळा, असं इथे सर्रास सांगतात. खातात हे खरं, पण विंचू रात्री फिरतो आणि कोंबडी अंधार पडताच झोपते. तेवढ्या भरवशावर अनवाणी फिरू नये.

आता त्या पांढऱ्या थराकडे. इथे त्याला ‘कलीची’ म्हणतात. पावसाचं थोडंसं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं, पण फार खोल पोचण्याआधीच सुकून जातं. चुना तिथेच राहतो. हजारो वर्षं हेच चालल्यावर त्याचा दगड होतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस हाच चुना पार धुऊन नेतो, म्हणून तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी. इथल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) मात्र ८ च्या वर. अशा मातीत लोह भरपूर असूनही मुळांना मिळत नाही, कारण सामू एकाने वाढला की विरघळलेलं लोह सुमारे हजारपट घटतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सोलापूर-अहिल्यानगरच्या चुनखडीच्या रानात ऊस पिकवणाऱ्याला हे सांगायला नको. तो याला ‘केवडा’ म्हणतो. लिंबाच्या माझ्या पहिल्या रोपावर मी केवडा पाहिला तेव्हा पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी दिलं आणि दुखणं वाढवलं. गच्च ओल्या, हवा नसलेल्या चुनखडीत लोहाचं शोषण आणखी मंदावतं.

म्हणूनच जगभर दिला जाणारा एक सल्ला इथे चालत नाही: अंड्याची कवचं कुटून टोमॅटोच्या बुंध्याशी घाला. सामू ८ च्या मातीत ती विरघळतच नाहीत, वर्षानंतरही तुकडे जसेच्या तसे सापडतात. आणि कॅल्शियमची इथे वाण नाहीच. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. पाणी एक दिवस भरपूर, मग तीन दिवस कोरडं, असं झालं की प्रवाह तुटतो. उपाय ठिबक आणि आच्छादन. कवचं आम्ही भट्टीत भाजून, बारीक कुटून कोंबड्यांनाच परत देतो. वर्षाला अडीचशे अंडी देणारी एक कोंबडी सुमारे दीड किलो कवच घडवते, तो चुना मातीत घालायचं काहीच कारण नाही.

मातीला कोंबडीकडून हवी ती शिट, पण जपून. पक्ष्यांच्या शरीरातला नको असलेला नत्र बहुतांश युरिक आम्लाच्या रूपात, विष्ठेबरोबरच बाहेर पडतो. त्यामुळे ताजं कोंबडीखत जहाल असतं, मुळं करपवतं. शिवाय त्यात क्षार असतात, आणि क्षारांचं ओझं इथे आधीच मोठं आहे. इथलं बरंचसं पाणी ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने कोलोरॅडो नदीतून येतं आणि त्यात लिटरमागे साधारण ६०० मिलिग्रॅम क्षार असतात. एक चौरस मीटर वाफा वर्षभर हिरवा ठेवायला १८०० लिटर पाणी दिलं, तर पाणी उडून जातं आणि किलोभर क्षार मागे राहतात. ते मधूनमधून भरपूर पाणी देऊन मुळांच्या खाली ढकलावे लागतात. खाली कलीची असेल तर पाण्याला वाट नसते, म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पहारीने थर आरपार फोडावाच लागतो. लिंबाच्या खड्ड्यात ते अर्धवट सोडलं, ही माझी चूक होती.

खत कुजवायला इथे ढीग उपयोगाचा नाही, तो कुजण्याआधी वाळतो. सावलीत खड्डा करायचा, शिटेबरोबर भरपूर वाळका पाला आणि पेंढा घालायचा, आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा सांभाळायचा. उकरायचं काम कोंबड्या आनंदाने करतात. पालेभाज्यांच्या वाफ्यात ताजी शिट कधीही नको, तिच्यात साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. जमिनीला टेकणाऱ्या पिकांसाठी कच्चं खत आणि काढणी यांत १२० दिवसांचं अंतर हवं, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. या मातीत एक बुरशी राहते. तिचे बीजाणू धुळीतून फुप्फुसात गेले तर ‘व्हॅली फीवर’ हा फुप्फुसाचा आजार होतो. म्हणून आधी जमीन भिजवायची आणि मगच खोदायची, वारा असेल त्या दिवशी खोदायचंच नाही.

गादीवाफे मी मोडून टाकले. जास्त पावसाच्या मुलखात ते निचऱ्यासाठी असतात. इथे ते चारी बाजूंनी तापतात आणि सुकतात. शेजारच्या न्यू मेक्सिकोतले झुनी लोक जमिनीपेक्षा खोल, मातीच्या बांधांनी आखलेले चौकोनी वाफे करत आले आहेत. आपण झाडाला आळं करतो त्याचीच ही जोडलेली ओळ. त्यात मधोमध भाजलेल्या मातीचं, बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलं की पाणी थेट मुळांशी झिरपतं.

ऋतू मात्र उलटे धरायचे. टोमॅटो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लावायचा, कारण मे संपता संपता परागकण निकामी होऊन फळधारणा थांबते. भर उन्हाळ्यात शेडनेटखाली भेंडी, चवळी, रताळं आणि आपल्या वाळकाच्या जातकुळीतली लांब आर्मेनियन काकडी. स्थानिक तोहोनो ओऑधम लोकांचं टेपरी नावाचं कडधान्य पावसाच्या एकदोन सरींवर येतं. त्याची उसळ केली की मटकीची आठवण येते, आणि थरच्या वाळवंटात मटकीही तेच काम करते.

खरी बाग ऑक्टोबरात सुरू होते. दिवस लहान झाले की कोंबड्या पिसं टाकतात आणि अंडी जवळजवळ थांबतात. पिसं म्हणजे बहुतांश प्रथिनं, नत्राचा चांगला साठा. ती झाडून खताच्या खड्ड्यात जातात. उन्हाळ्यात मुरलेलं खत वाफ्यांत पसरून आम्ही मेथी, कोथिंबीर, गाजर पेरतो आणि वर जाळी ठोकतो, कारण कोंब दिसताच सहाही जणी तिथे हजर असतात. मार्चमध्ये पुन्हा अंडी येऊ लागली, की पहिलं अंडं भांड्याच्या कडेवर आपटून मी कवचाचा आवाज ऐकतो.