तिशेरिया एकेब्लाडेला

ओकची पाने आतून पोखरणारा युरोपातील एक सूक्ष्मपतंग. कुल तिशेरिइडी. स्वीडनचे निसर्गअभ्यासक क्लास ब्येर्कांदर यांनी 1795 मध्ये त्याचे वर्णन केले. पंख पसरल्यावर रुंदी 8 ते 11 मिमी; पुढचे पंख पिवळट मातकट, मागचे करडे. अशा रंगारूपाचे सूक्ष्मपतंग कितीतरी असल्यामुळे उडता पतंग पाहून नाव सांगणे धाडसाचेच. जाणकार आधी पान पाहतात.

अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखालचा हिरवा गर खाते. तिथे पांढुरका, फुगीर चट्टा उठतो. चट्ट्यात विष्ठा दिसत नाही, ही मुख्य खूण; अळी ती छिद्रातून बाहेर टाकते. पान उजेडासमोर धरले की आत रेशमाचे अस्तर लावलेली गोल खोली दिसते. खाणे नसेल तेव्हा अळी तिथेच दडते.

गफलत होते ती मुख्यतः जवळच्या तिशेरिया डोडोनीया या जातीशी. तिचा चट्टा लहान, तांबूस असून त्यावर एकात एक वर्तुळे उमटतात. फायलोनोरिक्टर प्रजातीच्या ओकवरील बहुतेक अळ्या पानाच्या खालच्या बाजूला पोखरतात आणि रेशमाच्या ताणाने तिथे सुरकुती पडते. स्टिग्मेला या आणखी एका पतंग-प्रजातीच्या अळीची वाट अरुंद व नागमोडी, मधोमध विष्ठेची रेघ. वसंतात कोवळ्या पानावर चट्टा असून त्यात विष्ठेचे लांब धागे गुंतलेले दिसले, तर ती डिसेरिओक्रेनिया सबपर्प्युरेला या पतंगाची अळी. (आपल्याकडे संत्र्या-लिंबाच्या पानांवर चंदेरी वळणे काढणारी नागअळी फायलोनोरिक्टरच्याच कुलातली, ग्रॅसिलेरिइडी.)

ब्रिटनमध्ये एकेब्लाडेलाचे चट्टे सप्टेंबरपासून पानगळीपर्यंत दिसतात. कधीकधी ते गोड चेस्टनटच्या पानांवरही आढळतात, म्हणून झाड कोणते एवढ्यावर निर्णय देऊ नये. पान गळले तरी अळी त्याच गोल खोलीत हिवाळा काढते, वसंतात तिथेच कोष करते आणि मे-जूनमध्ये पतंग बाहेर पडतो. खात्री हवी असल्यास चट्टे असलेली गळकी पाने जाळीच्या डब्यात घालून हिवाळाभर बाहेर थंडीतच ठेवावीत. उबदार खोलीत ती वाळतात आणि अळ्या मरतात. बाहेर पडलेल्या पतंगाबद्दलही शंका उरल्यास सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासतात.