तारीख हुकणं वेगळं, लायकी नसणं वेगळं

वाळूजच्या एखाद्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर घ्या. ऑडिटची तारीख महिनाभर आधी कळलेली, फाईल मात्र आदल्या रात्री दीडला पुरी झाली. ऑडिट सुरळीत पार पडलं, साहेबांनी चारचौघांत नाव घेतलं. घरी जाताना त्याच्या डोक्यात दोन वाक्यं घोळतात. एक, 'आपल्याच्यानं वेळेवर काही होत नाही.' दोन, 'आपण या खुर्चीच्या लायकीचेच नाही, एक दिवस उघडे पडू.' ही दोन्ही एकापाठोपाठ येतात, म्हणून एकच वाटतात. पण पहिल्यात तथ्य आहे आणि त्यावर इलाज आहे. दुसरं म्हणजे पुरावा न तपासता दिलेला निकाल.

दुसऱ्या वाक्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. शिकलेल्या, कर्तबगार स्त्रियांनाही आपण लोकांना फसवून इथवर आलो असं वाटतं, हे त्यांनी टिपलं. नावात सिंड्रोम असलं तरी हा आजार नाही. डॉक्टरांच्या निदानपुस्तिकेत त्याला जागा नाही आणि त्याची गोळीही नाही.

पहिल्या वाक्यामागं कधीकधी एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा यांचा लहानपणापासूनचा विकार. ते मात्र रीतसर निदान आहे. डीएसएम-५ या पुस्तिकेनुसार १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसात लक्ष न टिकण्याच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलता आणि उतावळेपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं ६ महिने तरी दिसायला हवीत. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीच दिसलेली हवीत आणि घर, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा वावर हवा. ऑफिसात आल्यापासूनच सुरू झालेला विसराळूपणा असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

गोंधळ होतो तो यामुळे की दोन्हीत माणूस काम पुढे ढकलतो आणि शेवटी रात्र जागवतो. ढकलण्याचं कारण मात्र वेगळं असतं. इम्पोस्टरवाला फाईल उघडत नाही, कारण उघडली की आपलं अज्ञान दिसेल ही धास्ती. एडीएचडीवाल्याला काम आवडीचं असलं तरी सुरुवातच होत नाही; महिन्यानंतरची तारीख त्याच्या मेंदूला खरीच वाटत नाही, ती उद्यावर आली की एकदम खरी होते.

ओळखायची एक साधी खूण आहे: ज्या कामावरून कुणीही तुमची पारख करणार नाही, ते काम बघा. खात्यात पैसे असून महावितरणचं बिल दंड लागेपर्यंत राहतं का? गॅसची केवायसी, गाडीचा विमा, आठ दिवस खुर्चीवर पडलेले धुतलेले कपडे? हेही असंच तुंबत असेल तर तिथं भीतीचा संबंध कमी, एडीएचडीचा जास्त. बाकी सगळं वेळच्या वेळी होतं आणि फक्त साहेबांपुढचं सादरीकरण अडतं, तर ती धास्ती. दोन्ही असतील, असंही पुष्कळदा होतं, आणि खरा पेच तिथंच आहे.

कारण नुसता इम्पोस्टर असलेल्याला मित्र म्हणतो, 'अरे, तुझं काम बघ की,' आणि कागद मित्राच्या बाजूनं बोलतो. एडीएचडी असलेल्याजवळ उलटा पुरावाही असतो. हुकलेली तारीख, ईमेलला न जोडलेली फाईल, मिटिंगमध्ये विसरलेलं नाव. हे सगळं खरंच घडलेलं. त्याला 'स्वतःवर विश्वास ठेव' म्हणणं निरुपयोगी आहे. विश्वासानं तारीख पाळली जात नाही. उलट, ज्याला फक्त धास्ती आहे त्याच्या हाती तीन डायऱ्या आणि चार ॲप दिली, तर तो आणखी दोन तास जास्त घोटत बसतो.

लातूर-नांदेडच्या क्लासमधून पुढे आलेल्यांचा गुंता याहून अवघड. लहानपणापासून घरचे म्हणायचे, 'पोरगं लई हुशारंय, पण ध्यानच नाही त्याचं.' मग अकरावी-बारावीला तेच पोरगं खोलीवर राहिलं आणि मार्क पाडून गेलं. तिथं बॅचची वेळ ठरलेली, मेसची वेळ ठरलेली, शेजारच्या कॉटवरचा अभ्यास करतोय, ठरल्या दिवशी टेस्ट आणि मार्कांची यादी भिंतीवर. ही बाहेरून घातलेली घडी एडीएचडीला सांभाळून नेते. नोकरीत कुणीतरी फक्त '३१ मार्चपर्यंत द्या' म्हणतं आणि मधले टप्पे गायब होतात. कामं ढासळतात. तो निष्कर्ष काढतो: तेव्हाचे मार्क म्हणजे तुक्का, खरी औकात आता दिसतेय. डोकं तेव्हाही हेच होतं. गेलंय ते वेळापत्रक, आणि ते परत उभं करता येतं.

त्यासाठी वरिष्ठांना निदान सांगायची गरज नाही. 'दर शुक्रवारी चारला अर्धाकच्चा मसुदा दाखवतो' एवढं स्वतःहून ठरवून घ्या. कच्चं दाखवायची लाज वाटेल. ती लाज इम्पोस्टरची, आणि शुक्रवारची टेस्ट एडीएचडीची गरज. सुरुवात होतच नसेल तर सहकाऱ्याच्या शेजारी बसून १५ मिनिटांचा गजर लावा. त्यानं मदत करायची नाही, आपलं काम करत नुसतं बसायचं. कॉटवरच्या पार्टनरचं काम हेच होतं.

मोबाईलचे गजर फसतात ते दोन कारणांनी. गजर वाजतो तेव्हा आपण गाडीवर किंवा भाजीवाल्यापुढे असतो, बोटानं सरकवला की संपलं. आणि त्यावर लिहिलेलं असतं 'रिपोर्ट'. ते काम नव्हे, कामांचं गाठोडं. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेनं यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरायची असेल तर गजर शाळेत टेबलाशी असतानाच्या वेळेचा हवा, समजा दुपारी सव्वातीन, आणि त्यावर लिहावं: 'हजेरीपट काढ, पाचवीच्या मुलींची संख्या लिही.' क्रियापद आलं की हात हलतो. शेवटच्या तारखेचा गजर ठेवूच नका. दोन दिवस आधीचा ठेवा.

तपासणीला मात्र मर्यादा घाला. धास्ती माणसाला एकच तक्ता पाचदा वाचायला लावते आणि पाचव्यांदा डोळा काहीच पाहत नाही. दोनदा पुरे. एकदा कागदावर पट्टी धरून फक्त आकडे, एकदा फक्त तारखा आणि जोडलेल्या फायली. मग पाठवा.

आता 'आपण लायकीचे नाही' या निकालाचं. एडीएचडीत कामापुरती स्मरणशक्ती, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवणारी, तोकडी पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिचा फटका यशालाही बसतो हे लक्षात येत नाही. चूक झाली तेव्हा बोलणी खाल्लेली असतात, म्हणून चूक पक्की लक्षात राहते. नीट झालेलं काम संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. म्हणून ते त्याच दिवशी लिहून ठेवा, एका वहीत दोन रकाने करून. डावीकडे काय झालं, आकड्यांसह: '४२ अर्ज तपासले, २ परत पाठवले.' उजवीकडे कशामुळे झालं. तिथं 'नशीब' लिहायला हात गेला तर थांबा आणि नशिबाखेरीज काय काय केलं ते लिहा. वही हरवणार असेल, आणि हरवेलच, तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ती चॅट वर पिन करा. चुकाही याच वहीत, पण तारीख आणि दुरुस्तीसह. 'मी वेंधळाच' हे वाक्य वहीत चालणार नाही, कारण त्याला दुरुस्तीचा रकाना नसतो. माफी मागतानाही तेच: 'तारीख हुकली, आज पाचपर्यंत देतो,' इथंच थांबायचं.

आणखी एक सापळा मोठा आहे. आपण कमी पडतो असं वाटणारा माणूस भरपाई म्हणून प्रत्येक कामाला 'हो सर' म्हणतो. निवडणुकीचं काम, गॅदरिंगचं सूत्रसंचालन, चुलत्याच्या सात-बाराचं लचांड. हो म्हणतो ती धास्ती. निभावायचं असतं ते एडीएचडीला. तीनपैकी एक काम सुटतं आणि नालायकीचा ताजा पुरावा तयार. जागेवर हो म्हणू नका. 'काका, उद्या अकरापर्यंत सांगतो' म्हणा आणि त्या आठवड्याची यादी बघून सांगा. घरच्यांना सुरुवातीला हे तुटक वाटतं. वाटू द्यावं.

निदान झाल्यावरही इम्पोस्टर सोडत नाही, फक्त विषय बदलतो. 'मला खरंच एडीएचडी आहे, की आळसाला नाव मिळालं?' बारावीला चांगले मार्क असणं याविरुद्धचा पुरावा ठरत नाही, हे वर आलंच. औषधानं फरक पडला की 'हे तर गोळीनं केलं, माझं काय?' मिथिलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटीन लक्ष टिकवायला मदत करतं. हिशोब जुळवायचं ज्ञान गोळीत नसतं.

निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तसंच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. कुठं जायचं हे आधी विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मोठ्यांमधल्या एडीएचडीसाठीच्या एएसआरएस या प्रश्नावलीचे पहिले ६ प्रश्न घरी सोडवता येतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. जाताना प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, शेरे वाचले जातात. आई किंवा मोठी बहीण सोबत असेल तर उत्तम, तुमचं आठव्या वर्षीचं वागणं तिला तुमच्यापेक्षा नीट आठवतं. थायरॉइड, झोप, रक्तातलं लोह आणि नैराश्य यांची चौकशी होईल. ही टाळाटाळ नाही, यांनीही लक्ष उडतं. मिथिलफेनिडेट चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या मेडिकलवर असेलच असं नाही, म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीचा गजर चिठ्ठी हातात पडल्या पडल्या लावा.