तणनाशक फवारलं तरी कपाशी का मरत नाही?

अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेनं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारी बीटी कपाशी जाहीरपणे पेरली. या बियाण्याला सरकारची परवानगी नव्हती, तरी ‘चोर बीटी’ म्हणून ते विदर्भात विकलं जात होतंच. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि झड लागली की डवरं शेतात घालता येत नाही. अशा वेळी एका फवारणीत तण जळावं आणि कपाशी हिरवीगार राहावी, हे कुणाला नको असेल?

ग्लायफोसेट हे या कपाशीवर फवारायचं तणनाशक. ते पानांतून आत शिरतं आणि अन्नरसाबरोबर मुळांपर्यंत पोचतं. वनस्पतीच्या पेशींत ईपीएसपीएस नावाचं विकर (एन्झाइम) असतं. फेनिलअॅलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं त्याच्याशिवाय बनत नाहीत. ग्लायफोसेट या विकराच्या खाचेत ठाण मांडतं, मग खऱ्या कच्च्या मालाला जागाच उरत नाही. वाढ थांबते आणि आठ-पंधरा दिवसांत झाड वाळतं. माणसांत आणि गुरांत हे विकर नसतं. तेवढ्यावरून औषध निर्धोक ठरत नाही, फवारताना काळजी घ्यायलाच हवी.

यावरची तोड सापडली ती अमेरिकेत, ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात. तिथे अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची एक जात सुखानं जगत होती. तिच्याकडेही हेच विकर होतं, पण खाचेत एका जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अॅलानिन होतं. एवढ्याशा फरकानं ग्लायफोसेटला तिथे नीट बसता येत नाही आणि विकराचं काम चालू राहतं. या जिवाणूचा जनुक सोयाबीनमध्ये घालून ते बियाणं 1996 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, पाठोपाठ कपाशी आली. मला ही जैवतंत्रज्ञानातली फार देखणी कामगिरी वाटते.

पण तणही गप्प बसलं नाही. आपल्या राजगिऱ्याच्या आणि माठाच्या कुळातलं पामर अॅमरँथ हे तण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या कपाशीत ग्लायफोसेटला दाद देईनासं झालं. त्याचे जनुक तपासले तेव्हा विकराची खाच जुनीच निघाली. बदल होता तो संख्येत: त्या जनुकाच्या काही झाडांत शंभराहून जास्त प्रती झाल्या होत्या! विकर इतकं बनत होतं, की फवारलेलं औषधच अपुरं पडावं. ज्या निंदणातून सुटका म्हणून हे बियाणं घेतलं, त्याच निंदणासाठी तिथल्या शेतकऱ्यांना पुन्हा मजूर लावावे लागले. औषधानं हे बदल घडवले नाहीत. वर्षानुवर्षं एकच औषध मारल्यानं, ज्या मोजक्या झाडांत ते आधीच होते तीच उरली आणि त्यांचंच बी पडत गेलं.

त्यामुळे परवानगी असो वा नसो, हे बियाणं लावणाऱ्यानं डवरणी पूर्ण सोडू नये, असं मला कळकळीनं वाटतं. चोरून घेतलेल्या पाकिटाला पावती नसते, आणि तण हटलं नाही तर दाद मागायला जागाही नसते.

केना या तणाकडे तर खास लक्ष हवं. तो मुळातच ग्लायफोसेटला चिवट आहे. जॉर्जियात बाकीचं तण गेल्यावर मोकळ्या जागेत तोच माजला. आपल्याकडे तो बांधाबांधावर आहे. त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं आणि तुटलेलं कांडं ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. फवारणीनंतर हिरवा राहिलेला केना लहान असतानाच उपटून शेताबाहेर टाकावा.