टाकाऊतून टिकाऊ आणि सापडलेल्या वस्तूंची कला

शाळा-महाविद्यालयांच्या कलाप्रदर्शनांत अलीकडे ‘फाउंड ऑब्जेक्ट आर्ट’, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची कला, अशी पाटी हटकून दिसते आणि तिच्याखाली मांडलेले असते ते सुतळी गुंडाळलेली बाटली, जुन्या सीडीचे घड्याळ, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची टोपली असे आपल्या चांगल्याच ओळखीचे सामान. या वस्तूंविषयी माझी तक्रार नाही. त्या निगुतीने केलेल्या असतात आणि घरात उपयोगी पडतात. तक्रार पाटीविषयी आहे, कारण नाव बदलले म्हणून टाकाऊतून टिकाऊ ही सापडलेल्या वस्तूंची कला होत नाही.

टाकाऊतून टिकाऊ म्हणजे काय, हे कार्यानुभवाच्या तासाला फेव्हिकॉलची बाटली घेऊन बसलेल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. सापडलेल्या वस्तूंची कला म्हणजे हाती लागलेल्या जुन्या वस्तू घेऊन केलेले शिल्प किंवा मांडणी. साहित्य दोन्हीकडे फुकटचे असते, कचराही दोन्हीकडे थोडा कमी होतो, एकीकडे बहुधा वापरायची वस्तू तयार होते आणि दुसरीकडे बहुधा होत नाही. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, म्हणून हे मुद्दे सोडून देऊ.

खरा घोळ पुढे आहे. हाताने किती काम केले यावर फरक ठरतो, अशी बहुतेकांची समजूत असते: वस्तू जशी सापडली तशी ठेवली तर ती एक कला आणि तिच्यावर मेहनत घेतली तर दुसरी. ही समजूत चुकीची आहे. पाहायचे ते एवढेच की काम पुरे झाल्यावर त्या वस्तूचे पूर्वायुष्य दिसते की झाकले जाते. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्याला शाबासकी मिळते ती ‘ही बाटली होती हे कळतसुद्धा नाही’ या वाक्याने. सापडलेल्या वस्तूंच्या कलेत हेच वाक्य कानावर आले तर काम फसले असे समजावे. बाटलीवर सोनेरी रंगाचा हात मारायला दहा मिनिटे पुरतात, पण तेवढ्यात बाटली गेलेली असते.

याच्या अगदी उलट उदाहरण चंदीगढच्या रॉक गार्डनचे आहे. ते उभारणारे नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवे शहर वसवताना हटवलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, विजेचे निकामी सॉकेट, सायकलींचे सांगाडे हे सगळे ते १९५७ च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या जंगलात गुपचूप नेऊ लागले. १९७५ मध्ये सरकारी यंत्रणेला त्याचा पत्ता लागला आणि १९७६ मध्ये ती जागा लोकांसाठी खुली झाली. तिथल्या आकृतींमागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे: सांगाडा बांधायचा, सिमेंट कालवायचे, ओल्या गिलाव्यात एकेक तुकडा बसवायचा. तरीही जवळ गेले की बांगडीचा तुकडा बांगडीचाच असतो. त्याचा बाक कोणाच्या तरी मनगटाचे माप सांगत राहतो, आणि आकृतीच्या अंगावरचे वस्त्र व हाताला बोचेल अशी काच ही दोन्ही एकाच वेळी दिसतात. त्याच बागेत नदीपात्रांतून वेचून आणलेले चमत्कारिक आकाराचे दगडही आहेत आणि ते न घडवता तसेच उभे केलेले आहेत. मेहनत मोजत बसलो तर ही दोन वेगळ्या प्रकारची कामे ठरतील, पण जातकुळी एकच.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. नुसता बैल दिसला आणि सायकल हरवली तर त्यातली गंमत गेली, हे त्याचेही म्हणणे होते. या शिल्पाचे पुढे ब्राँझमध्ये ओतकाम झाले; मला विचाराल तर त्याला मूळ कामाची सर नाही, कारण ब्राँझमध्ये सीटचे चामडे आणि हँडलचे लोखंड एकाच धातूचे होऊन जातात. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची हजारो बुचे चपटी करून तांब्याच्या तारेने जोडतात, तेव्हा लांबून जरीचे वस्त्र दिसते आणि जवळून दारूचे छाप वाचता येतात.

आपल्याकडची काष्ठशिल्पे या कसोटीवर हमखास घसरतात. किनाऱ्यावर वाहून आलेल्या झाडाच्या मुळात बगळा दिसला, इथपर्यंत सगळे छान असते. मग त्याला काचेचा डोळा चिकटतो, चोच तासली जाते, वर व्हार्निशचे दोन थर चढतात आणि मूळ संपून शोकेसमधला बगळा तेवढा उरतो. गोधडीचे मात्र उलटे आहे. ती पांघरायची वस्तू आहे, म्हणून तिला टाकाऊतून टिकाऊत ढकलले जाते. पण आजीच्या नऊवारीचा काठ आणि बाबांच्या सदऱ्याची रेघ तिच्यात ओळखू येत असेल, तर मी तिला बेलाशक पलीकडच्या बाजूला बसवतो. नवे कोरे कापड ठिगळांच्या आकारात कापून शिवलेल्या महागड्या गोधड्या दोन्हीकडच्या नव्हेत.

फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी पाठवलेले मूत्रपात्र या वादात कोणीतरी आणतेच. ते रेडीमेड, म्हणजे बाजारातली तयार वस्तू निवडून तीच कलाकृती म्हणून मांडणे; हा तिसराच प्रकार. तिथे वस्तूच्या रूपाचे कौतुक मुळातच अपेक्षित नव्हते, आणि आपला घोळ तर रूपाचाच आहे.

मध्यंतरी एका शाळेत परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलीने घरातले लोखंडी उलथणे पांढऱ्या पाटीवर नुसते टांगले होते. तव्यावर वर्षानुवर्षे एकाच बाजूने खरवडल्यामुळे त्याचा डावा कोपरा सरळ तिरका झिजला होता, आणि उलथणे हातात न घेताही ते चालवणाऱ्या बाईचा हात कसा वळत असेल हे दिसत होते. माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी ‘यात काम काय केले?’ असे म्हणून १० पैकी ३ गुण दिले आणि पहिले बक्षीस सोनेरी बाटलीला गेले. मी ९ दिले होते. एक गुण कापला, कारण टांगण्याआधी तिने ते पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले होते.