रक्तवाहिनी बांधण्यापासून शिवण्यापर्यंत

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाचं बोट काळं पडलं की पुण्यातल्या घरांमध्ये अजूनही एकच वाक्य ऐकू येतं: "आता आधी बोट जाणार, मग गुडघ्याखालून पाय." ही भीती उगाच आलेली नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीने तसंच घडताना पाहिलं, कारण तेव्हाच्या सर्जनच्या हाती दुसरा उपायच नव्हता. बंद पडलेल्या धमनीतून किंवा तिला वळसा घालून पायाला पुन्हा रक्त पोचवण्याचा उपाय आला तो गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत, आणि तो आल्याची बातमी पुष्कळ घरांपर्यंत पोचलेलीच नाही.

त्याआधी शतकानुशतकं रक्तवाहिनीवर करण्यासारखं मुख्य काम एकच, रक्त थांबवणं. सुश्रुतसंहितेत सिरांची, म्हणजे रक्तवाहिन्यांची, संख्या ७०० दिली आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठी तुरट औषधं, थंडावा, भस्म आणि डागणं असे चार मार्गही तिथे सांगितले आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या आंब्रोआज पारे यांनी पाय कापल्यावर तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी धमनी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागच्या फुगलेल्या धमनीवर उपचार करताना मांडीतलीच धमनी बांधली, तरी पाय जगला. आजूबाजूच्या लहान वाहिन्या हळूहळू रुंदावून रक्ताला पर्यायी वाट देतात, हे त्यातून ठळकपणे समोर आलं. आजही रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या पायदुखीच्या सुरुवातीच्या टप्प्यात डॉक्टर रोज चालायला सांगतात, ते याच वाटांना चालना मिळावी म्हणूनही.

पुणेकरांना ससूनमधलं १९२४ चं गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन माहीत असतं. ऐन वेळी वीज गेली आणि तरीही कर्नल मॅडॉक यांनी ते पार पाडलं. म्हणजे पोट उघडून आजारी भाग काढण्याइतकी शस्त्रक्रिया तेव्हा पुण्यात पुढे गेली होती. पण त्याच काळात पायाची धमनी बंद झालेला एखादा रुग्ण आला असता, तर त्याला देण्यासारखं फारसं काही नव्हतं.

जोडायचं कसं, हे खरं तर तोवर सापडलेलं होतं. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियॉन शहरात भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी नीला (शीर) फाटली होती आणि ती शिवणं कुणालाच जमत नव्हतं. त्याच शहरातला वैद्यकीचा तरुण विद्यार्थी अलेक्सी कॅरेल याच्या मनाला ही गोष्ट लागली. बारीक सुईचं काम तो तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकला. १९०२ साली त्याने पद्धत मांडली: वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताण द्यायचा, गोलाचा त्रिकोण होतो, मग एकेक सरळ बाजू शिवत जायची. १९१२ चं नोबेल त्याला मिळालं. तरी रुग्णापर्यंत हे पोचायला तीसेक वर्षं गेली, कारण शिवलेल्या जागी रक्ताची गुठळी होई. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन १९१६ मध्ये सापडलं, पण माणसांसाठी वापरण्याजोगं झालं ते तिसाच्या दशकात. १९२९ साली लिस्बनमध्ये हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून फोटो काढला गेला, आणि पोटातल्या आणि पायाच्या धमन्यांतला अडथळा जिवंत माणसात डोळ्यांना दिसला. अँजिओग्राफी फक्त हृदयाची असते असा समज आपल्याकडे घट्ट आहे, पण पायाची अँजिओग्राफी हृदयाच्या अँजिओग्राफीपेक्षा जुनी आहे!

यानंतर वेग आला. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्या १९४६ साली लिस्बनमध्ये धमनी उघडून आतला थर खरवडून काढला गेला. एएफएमसी हे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्या १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांनी रुग्णाचीच नीला वापरून पायाचा बायपास केला. हृदयाच्या बायपासचं युग त्यानंतरचं.

खरा पुरावा मात्र युद्धाने दिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या जखमी धमन्या बहुतेक वेळा बांधल्याच गेल्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जणांचा तो अवयव कापावा लागला. कोरियाच्या युद्धात धमन्या शिवायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. पाय तसेच, गोळ्याही तशाच. मोठा बदल झाला तो सर्जनने काय केलं यात.

१९६३ मध्ये थॉमस फोगार्टी यांचा टोकाला फुगा असलेला कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, आला. छोट्या छेदातून तो गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगवायचा आणि गुठळी ओढून काढायची. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९६४ ला, अमेरिकेत पोर्टलंडमध्ये डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या. पायाला गँगरीन, आणि पाय कापायला त्यांचा साफ नकार. डॉटर यांनी एकापेक्षा एक जाड कॅथेटर घालून मांडीतली अरुंद धमनी आतूनच रुंद केली. पाय गरम झाला, जखम भरली, बाई चालू लागल्या. आजच्या अँजिओप्लास्टीची सुरुवात एका रुग्णाच्या नकारातून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. डायलिसिसच्या रुग्णांच्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि नीला यांचा जोड, १९६६ चा, तोही वाहिन्या जोडण्याच्या याच कौशल्यातून आलेला.

आपल्याकडे पूर्वी तरुण वयात पाय काळा पडलेला रुग्ण म्हणजे बहुधा बिडी ओढणारा. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा आजार अगदी टोकाच्या बारीक धमन्या बंद करतो, त्यामुळे बायपास जोडायला पलीकडे वाहिनीच उरत नाही. तिथे तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपचार आहे. आता मधुमेही पाय जास्त दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांची तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि यूडकिन यांची ९.१ टक्के. "मी कुठे जाड आहे, मला कशाला मधुमेह होईल?" या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत आहे.

मधुमेहात अडथळे बहुतेकदा गुडघ्याखालच्या धमन्यांत असतात आणि नसा बधिर झालेल्या असल्याने पाय दुखतही नाही. म्हणून बोट काढण्याचा निर्णय होण्याआधी "पायाचं रक्ताभिसरण तपासलं का?" हे विचारायलाच हवं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला जातो, गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर अडथळ्याची शंका घेतात. पण मधुमेहात धमनी चुन्यासारखी कडक होते, आकडा खोटाच चांगला येतो, आणि मग अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला तर मात्र या तपासण्यांची वेळ घ्यायलाही थांबू नये. स्नायू साधारण सहा तास तग धरतात, आणि फोगार्टींचा फुगा त्या सहा तासांतच सर्वाधिक कामाचा असतो.